लिंबूटिंबू

पंख आगगाडीच्या दारातून जाईनात, म्हणून बाबा आले.
त्यांची जुनी व्हॅन, सीटखाली पक्कड-पान्यांचा डबा,
मागे रजईत गुंडाळलेले माझे पंख,
आजारी करकोचा दवाखान्यात न्यावा तसे.
सुवाऊकीहून वुच, पाच तास.
वोमझापर्यंत ते बोललेच नाहीत. मग म्हणाले,
"बोग्ना, तेहतीस झाली तुला. यातून मिळतं काय?"
मी म्हटलं, पुढच्या पंपावर कॉफी चांगली असते.

शनिवार-रविवार एक शाळा रिकामी करून देतात आम्हाला.
गणिताच्या वर्गात सामुराई मोजे वाळत घालतात,
मुख्याध्यापकांच्या दारापाशी एक मुलगी
आपली कोल्ह्याची शेपूट मांडीवर घेऊन बसते
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते,
नूडल्सपुरतं गरम पाणी आहे का कुणाकडे.
खरं नाव इथे कुणाचंच कुणाला ठाऊक नसतं.
बेडूक नऊ वर्षं माझा मित्र.
त्याच्या लग्नपत्रिकेवर 'बोनिफात्सी' वाचून
ती चुकून आली म्हणून मी परत टाकणार होते.

बाबांनी मनगटावर कागदी पट्टा बांधून घेतला,
ऑपरेशनच्या आधी बांधतात तसा, निमूट,
आणि शिपायाशेजारच्या स्टुलावर जाऊन बसले.

मी पंख चढवले. हेअर ड्रायरने तापवून वाकवलेला फोम,
चारशे बारा पिसं, औषधांच्या दुकानातल्या
एकेका रात्रपाळीनंतर चार-चार.
जिन्यात डावा पंख एका चिलखतात अडकला.
"माफ करा बाई," चिलखत म्हणालं.
स्पर्धेत मी सहावी आले. सात जणांत.
आताच सांगून टाकते,
उगाच मागाहून वाट बघायला नको.

खाली व्यायामशाळेत जुन्या खेळांचे ढेरपोटे टीव्ही.
त्यातला एक दुपारी मिटला.
मधोमध पांढरा ठिपका, मग तोही नाही.
रांगेतली पोरं हळहळली,
आणि माझ्या मागे एक गुडघा वाजला.
तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

बत्तीस वर्षं बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं.
मग पडदे सपाट झाले. आता तिथे नखं रंगवतात.
त्यांनी मागचं झाकण काढलं, धूळ फुंकली.
"हात लावायचा नाही कुणी. बंद असला तरी झटका देतो."
एक मांत्रिक, दोन निन्जा आणि एक चेटकीण
दोन पावलं मागे सरली
चौकड्यांच्या शर्टातल्या माणसाला बघून.
डागणीचा धूर वर आला. लहानपणी
माझ्या डब्यातल्या पावालाही हाच वास असायचा.
मैत्रिणी नाकं मुरडायच्या, मी खायचे.

पडदा उजळला. टाळ्या पडल्या,
सहाव्या नंबराला पडल्या त्याहून बऱ्याच.

मग त्यांनाच बसवलं खेळायला.
समोर निळ्या विगातली यागोडा, वय आठ.
"मी आपला लिंबूटिंबू," बाबा म्हणाले.
"इथे तसलं काही नसतं," ती म्हणाली
आणि तीन डाव सलग त्यांना लोळवलं.
चौथ्या डावात त्यांना उडीचं बटण सापडलं.
उडाले. खाली टेकायच्या आतच मेले.
पण मी पाहिलं,
उडताना ते खुर्चीवरूनही वीतभर उचलले गेले होते.

रात्री भूगोलाच्या वर्गात, नकाशाखाली,
सतरा जण चटयांवर. बाबांचे बूट सरळ रेषेत.
टेबलावर कुणाचे तरी टोकदार कान, काढून ठेवलेले.
झोपेत कुणीतरी जपानी बोलत होतं, अगदी चुकीचं.

परतताना धुकं. वोमझाच्या अलीकडे बाबा म्हणाले,
"त्या टीव्हीचा एक कपॅसिटर फुगलाय.
वर्षभर काढणार नाही तो."
आणि वायपर लावला.

सोमवारी काउंटरवर एक आजी. खोकल्याचं औषध देताना
त्यांनी माझ्या कानामागे बोट लावलं,
बोट चंदेरी झालं, ते उजेडात धरून पाहिलं,
कोटाला पुसलं,
आणि उरलेली सुटी नाणी मोजून घेतली.