दोन मिनिटं एकोणीस सेकंद

तबस्सुम मोमीन, बी.ए. भाग दोन,
इचलकरंजीहून भीमपलास पाठवते, चौऱ्याऐंशी एमबीचा.
राजारामपुरीत माझ्या टेबलावर तो उतरेपर्यंत
एक चहा होतो, कधी दीड,
खालून भडंगवाला दोनदा जातो.

मग मी थांबवते, मागे नेते, पुन्हा चालवते.
०:४१ हनुवटी वर जातेय, आवाज चोरला जातो.
१:०५ श्वास भलत्या जागी, शब्द तुटला.
२:१९ मध्यमावरून गंधाराकडे येताना घाई.
लय पळते. सम यायची असते,
तिला धरायला धावायचं नसतं.

आमच्या गुरुजींनी जन्मात एवढं बोलून दाखवलं नाही.
मांडीवरचा हात थांबवायचे फक्त,
आणि आम्ही शोधत बसायचो
काय सांडलं, कुठं सांडलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा २:१९, पुन्हा तीच घाई.
या खेपेला इअरफोन लावले,
तर तानपुऱ्याच्या अ‍ॅपखालून दुसरंच काही:
खटक्-खट, खटक्-खट,
भिंतीपलीकडे धोटा इकडून तिकडे.
पोरगी त्याच्या समेवर येत होती,
अगदी बिनचूक.
आणि मी महिनाभर लिहितेय, पळू नकोस.

विचारलं. उत्तर आलं:
मॅडम, मागे माग आहेत. आठ.
अब्बांना बंद करा कसं म्हणू?
लाईट गेली की करते.

परवा आलेला व्हिडिओ काळा.
काळ्या चौकोनात नाकातली चमकी तेवढी, तीही मधूनच.
हनुवटी नाही, खांदे नाहीत,
तपासायला काही म्हणजे काही नाही.
कुणीतरी म्हातारं खोकतं, आणि खोकला अर्ध्यात आवरतं.
२:१९ ला मध्यम आला,
बसला.
बसूनच राहिला.
गंधाराला कुणी बोलावलं नाही,
तो आपल्या पायांनी उतरला.

४:०२ ला लाईट आली. आठही माग एकदम.
उजेडात ती दचकलेली, मग हसलेली,
आणि कॅमेऱ्याकडे आलेला बोटावर शाई लागलेला हात.
तिथंच संपतो.

विभागाचा फॉर्म म्हणतो:
अभिप्राय किमान पन्नास शब्दांत.
मी २:१९ लिहिलं.
पुढं बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग मागे नेऊन
तो काळोख पुन्हा चालवला,
आणि खाली बघितलं तर
माझा हात मांडीवर, थांबलेला.
सांडलं मात्र काहीच नव्हतं.