कडी

चौथी संपली. इथल्या शाळेत पुढं वर्गच नाही.
दाखला देताना बाई म्हणाल्या, कुठंही घाला, पण घाला.
कुठंही म्हणजे कुठं, ते मी तीन दिवस चालून पाहिलं.
विड्या त्या दिवसांत पाचशेच्या वर गेल्या नाहीत.

ब्रँचच्या जुन्या कार्डामागं मी लिहून काढलं.
रेघा हरिणीनं मारल्या, पट्टीनं. चार खण:
अंतर, पाणी, बाई, बाकी.

दहा नंबर. गिरणीवरून, पुलाखालून सतराशे पावलं.
भिंतीवर टीव्हीसारखा फळा,
फळ्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर धूळ.
साहेब आले की उघडतो, सर म्हणाले.
शिष्यवृत्तीत दोन मुली, नावं भिंतीवर रंगवलेली.
वर्ष वाचलं. तेव्हा हरिणी रांगत होती.

बावीस नंबर, तेलुगू.
शिरताच कानाला घर लागलं. रा अम्मा, कूर्चो,
माझ्या आईच्या आवाजात बाई बोलल्या.
मुलं अकरा. पाचवी, सहावी, सातवी एका खोलीत,
तीन भिंतींकडं तोंड करून.
पुढच्या वर्षी शाळा असेल ना, मी विचारलं.
बाईंनी बोटाचा खडू पदराला पुसला.
हे कुठल्या खणात लिहायचं, कळेना.

सात नंबर मोठी. गेटवर शिपाई, आत अशोकाची झाडं.
हेडसरांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.
वाच, हरिणीला म्हणाले. वाचलं तिनं.
भागाकार घातला. बाकी चुकली.
सरांनी ओठ दुमडले
आणि मला ते ओठ ओळखीचे वाटले.
चेकर असाच जुडी उघडतो,
बोटानं दाबतो, उजेडाकडं धरतो,
न बोलता पाच-सहा बाजूला टाकतो. छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
छाटीच्या विड्या परतही नाहीत.
बघायला आम्ही आलोय, तुम्ही नाही,
असं तोंडात आलं होतं.
येतो सर, म्हणाले, आणि पोरीचं मनगट इतकं घट्ट धरलं
की रस्त्यात ती म्हणाली, अम्मा, दुखतंय.

हिचे नाना रात्रपाळी करून आले.
इंग्लिश मीडियम, एवढंच म्हणाले
आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.
फी कितीय ते दोघांनाही माहीत होतं.

राहिली चौदा. वर पत्रा, एप्रिलमध्ये भट्टी.
हत्तुरे बाईंनी भागाकारच घातला.
बाकी पुन्हा चुकली.
कशी काढलीस ते मला सांग, बाई म्हणाल्या,
आणि खरंच ऐकत बसल्या.
मागं वर्ग माशांसारखा घोंगावत होता,
एकाचा डबा सांडला, तरी ऐकत बसल्या.
अर्ध्यात हरिणीच थांबली. थांबा बाई, म्हणाली,
आणि खोडलं.

मी मनात खूण केली होती.
तेवढ्यात मागच्या बाजूनं हाक: अम्मा, दार धर.
दाराला कडी नाही.
एक आत जाते, एक बाहेर उभी राहते.
सातवीतली एक मुलगी सहज म्हणाली,
जोडीदारीण आली नसेल तर आम्ही पाणीच पीत नाही.

रात्री हरिणीनं कार्डावर पाचवा खण पाडला.
वर लिहिलं: दार कोण धरणार.
खाली चारही शाळांपुढं कोरं.

मंगळवार बाजारात कडी पस्तीस रुपये. स्क्रू वेगळे.
शिपाई म्हणाला, असं परस्पर लावता येत नाही,
ऑफिसात अर्ज करा.
अर्ज केला. मातृभाषा तेलुगू, माध्यम मराठी,
विषय: कडी.
हत्तुरे बाई हळूच म्हणाल्या, रविवारी या, किल्ली माझ्याकडं असते.

आज गुरुवार.
कडी माझ्या सुपात आहे, पानांखाली.
तंबाखूचा वास लागलाय तिला.
हरिणी येता-जाता उचलते, सरकवते,
आत, बाहेर,
आत.