चोकची दोन भोकं

उदगीरला, चौबाऱ्याजवळच्या बोळात
जहीरोद्दीन मिस्त्री नकाशा उजवीकडून वाचायचे.
कागदावर एरियल डाव्या हाताला, स्पीकर उजव्या;
सगळं जग एरियलपासून निघतं,
मिस्त्री स्पीकरपासून निघायचे,
एकेक व्हॉल्व्ह मागे मागे
आवाज जिथं हरवला तिथपर्यंत.
मला वाटायचं, उर्दू शाळेची सवय असेल.
पुढं कळलं, दुरुस्तीची लिपीच तशी आहे.

त्या दिवशी बाकड्यावर दोन सेट उघडे.
कंपनी एक, मॉडेल एक,
पुठ्ठ्यावरच्या नंबरात सदतीसचा फरक.
आडत दुकानवाल्या उटगे आप्पांनी
एकाच दिवशी, एकाच पावतीवर
दोन लेकींना घेऊन दिलेले.
थोरली महानंदा. तिचा मुका झाला होता.
धाकटी शिवलीला, देवणीला दिलेली,
तिचा पहिल्या दिवसापासून घुमायचा.
बातम्यांच्या खाली, भजनाच्या खाली
एक बारीक भुंगा, कधी न थकणारा.
"आप्पांनी अक्काला चांगला दिला"
हे वाक्य बावीस वर्षं
प्रत्येक सणाला पानात वाढलं जायचं, लोणच्याच्या शेजारी.

मिस्त्रींनी दोन्ही चेसिस पालथ्या घातल्या.
पत्रा तोच, ठोकलेला साचा तोच.
थोरलीच्या पोटात चोक,
मुठीत मावेल एवढा, वजनाला मात्र देवघरातल्या घंटेसारखा.
धाकटीच्या पोटात त्याच जागी
दोन भोकं. स्वच्छ. स्क्रूचा ओरखडासुद्धा नाही.
बाजूनं एक मातकट रेझिस्टन्स आडवा टांगलेला,
डाग कारखान्यातलाच, चकचकीत;
मागाहून कुणी हात घातला नव्हता.
एकीत जी तार पिवळी, दुसरीत ती हिरवी.
नकाशात दोन्ही काळ्याच.

"तांबं महागलं असेल," मिस्त्री म्हणाले,
"नाहीतर मंगळवारी चोकची पेटी संपली
आणि काम कुणी थांबवेना.
साचा कोण बदलतो, लेका?
तो आपला जुन्या जागी भोकं पाडत राहतो,
येणारा येणार नाही हे त्याला कोण सांगणार."

शिवलीलाबाई स्टुलावर बसलेल्या, मांडीवर पिशवी.
उठून त्यांनी भोकाला करंगळी लावली. मावली नाही.
"आप्पांना हे दिसलं असतं का?"
"बाई, पुठ्ठ्याला सहा स्क्रू असतात.
दुकानदारालाही दिसलं नसतं."
बाहेर कुणीतरी तागडीत कांदे टाकत होतं,
एक काढत होतं, पुन्हा टाकत होतं.

मिस्त्रींनी खणातून एक जुना चोक काढला,
भोकांवर ठेवला.
बसला. भोकाला भोक, काडीचाही फरक नाही.
"लावू?"
बाईंनी किंमत विचारली,
बटव्याचं बटण उघडलं,
पुन्हा लावलं.
"राहू द्या. अक्काचा तेवढा बोलता करा.
आणि तिला यातलं काही सांगू नका."

मिस्त्रींनी रात्री वहीत लिहिलं.
मला त्यातले फक्त आकडे वाचता यायचे:
मॉडेल, नंबर, आणि एक रेघ,
ह्याच्या पुढं चोक बंद.

वही आता माझ्याकडे.
कुणी माळ्यावरचा सेट आणला की
नकाशा नंतर,
आधी मी रिकामी भोकं मोजतो.

मागच्या उन्हाळ्यात देवणीहून एक पोरगा आला,
आजीचा म्हणाला, बैठकीत शोभेला ठेवायचाय,
चालला तर चालला.
दोन कंडेन्सर बदलले. दिवा लागला.
व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही दोघं गप्प,
मग तो आला, स्टेशनच्याही आधी,
तोच भुंगा.
"हा आवाज जाईल का?" पोरानं विचारलं.
खणात मिस्त्रींचा चोक होता, कागदात गुंडाळलेला.
मी म्हणालो, ह्या नंबरांचा असाच असतो,
आणि पुठ्ठा बसवायला घेतला.
पाच स्क्रू लागले.
सहावा सापडेना.