हाडाचा कान

लोक विचारतात, आजवर ऐकलेली
सगळ्यात भारी गिटार कुठली?
बहुधा स्वतःची काउंटरवर ठेवून विचारतात,
म्हणजे उत्तर बरोबर आणलेलंच असतं.

मी सांगतो. सांगावं लागतं.
नेरूळच्या डॉक्टरीणबाईंची, वरची फळी देवदाराची,
समोर कुणी खोकलं
तरी तो खोकला गोड करून परत द्यायची.
बेलापूरच्या चर्चमधली बारा तारांची,
अकरा तारा सुरात, आणि बारावी
बाकीच्यांना माणसांत ठेवायला.
ऐरोलीच्या एका कॉलेजातल्या मुलीची, महोगनीची, बुटकी.
जाडी ई सोडली की
माझ्या टेबलावरचे स्क्रू डबीत जागा बदलायचे.

कोयंड्यांची सहसा सांगत नाही.

मे महिना होता. सेक्टर सतराच्या गाळ्यात
पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा वाढत होता.
त्यांनी गिटार आणली सोलापुरी चादरीत गुंडाळून,
खांद्यावर, झोपलेलं पोर आणावं तशी.
प्लायवूड. कलकत्त्याकडची असावी, नाव खरवडलेलं.
खाडीच्या दमट हवेनं पोट फुगलेलं,
तारा आणि मान यांच्यामधून
मांजर निघून जाईल.
नौशादनं खुणेनं सांगितलं, नको घेऊ, उस्ताद.

किती होतील, कोयंड्यांनी विचारलं
आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले.

ठाणे-बेलापूर रोडला, कॉम्प्रेसर हाऊसमध्ये
एकोणतीस वर्षं.
कानात कापूस असायचा, म्हणाले,
सेफ्टीवाले साहेब यायचे त्या दिवशी.

पोट शेकून, दाबून खाली बसवलं.
मिरजेच्या माणसाकडून उंटाचं हाड मागवलं,
त्याची घोडी घासली.
उंटाची घोडी! नौशाद दुपारभर हसत होता.

आठ दिवसांनी आले. स्टुलावर बसले,
गिटार मांडीवर घेतली, वाकले
आणि जबडा टेकवला तिच्या वरच्या कडेवर,
जिथं पॉलिश आधीच गेलं होतं
नेमकं तेवढ्याच गोल डागावर.

मग वाजवलं. तीन कॉर्ड, चौथी चुकली.
आम्हाला ऐकू आलं ते पत्र्याची ट्रंक सरकवल्यासारखं.
ते मात्र बराच वेळ तसेच वाकलेले,
शेवटची तार आम्हाला संपली होती तेव्हाही.

"वाजते आता," म्हणाले. पैसे दोनदा मोजून दिले.
चादरीची गाठ मारली, गेले.

काकांना नाही आवडली वाटतं, नौशाद म्हणाला.
मान नाही हलवली एकदापण.

त्या रात्री शटर अर्धं ओढलं.
भिंतीवरची सगळ्यात स्वस्त उतरवली,
तीन दिवाळ्या न खपलेली.
दोन्ही कानांत बोटं घातली, जबडा टेकवला.
तेव्हा लक्षात आलं
वाजवायला हात उरला नाही.

नौशाद आला, एका हातात कटिंग,
दुसऱ्याच्या अंगठ्यानं त्यानं जाडी ई सोडली.

शेजारच्या झेरॉक्सचं मशीन गेलं. रस्त्यावरचे हॉर्न गेले.
गिटार कुठं आहे ते कळेना.
दाढेत भरलेलं सिमेंटसुद्धा वाजत होतं,
त्याच्या खाली हनुवटी,
त्याच्याही खाली काहीतरी,
जे मी आजवर दुसऱ्यांच्याच गिटारीत शोधलं,
पाचशे-सातशे रुपये घेऊन.
हाडाचा कारागीर, असं लोक मला म्हणायचे.
हाडाला विचारलं नव्हतं कधी.

आणि ते संपेना.
हवेतला सूर संपतो,
हा मुरत जातो.

नौशादचे ओठ हलले.
अजून एकदा? असं असावं.
मी ओठांकडे बघत राहिलो.

हो म्हणायचं होतं.
पण मान हलवली असती
तर सूर सुटला असता.