उभं, आडवं, बसलेलं

झ्वोलेच्या डच वर्गात वीत्स्के बाई
टेबल मांडतात. ताट उभं आहे.
काटा आडवा.
किल्ली? बसलीय, खिशात.

आपल्याकडे सगळं नुसतं 'असतं';
मी वहीत खोडत राहते.

बाई ताट पालथं घालतात :
आता ते लवंडलं.
नियम सांगत नाहीत, माझं बोट धरून
ताटाच्या बुडाची कड चाचपायला लावतात.
हे त्याचे पाय.

शेजारची लेतेब्रहान, अस्मारा सोडून आलेली,
हात वर करते :
माझं नाव घरांच्या यादीत...
उभं आहे?

बरोब्बर! बाई खूश. लिहिलेलं सगळं उभंच असतं.

चार वर्षं, ती म्हणते,
आणि टेबलाखाली वाकून
बुटाची नाडी जरा सैल करते.