खिळे

नातवाने विचारलं, आजी,
आपल्या लोकांचा राष्ट्रवाद म्हणजे नेमकं काय गं?
त्याला उद्या वर्गात बोलायचंय, पाच मिनिटं.
मोन्तेविदेओची दुपार, खिडकीत कोणाचे तरी मोजे वाळत होते.
मी शिवणाच्या डब्यातून एक खिळा काढला
आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.
लामेद. मानेशी मोडलेला.

ग्रोदनोत झेलिक पेरेलचा छापखाना होता,
तळघरात, लोणच्याच्या पिंपांशेजारी.
झेलिक जुळारी, आणि मी तेरा वर्षांची पोर,
छापून झालेले खिळे सोडवून
परत घरोघर टाकणारी.
आमच्याकडे लामेद कमीच.
उंच अक्षर, ओळीच्या वर डोकं काढतं,
म्हणून आधी तेच मोडतं.

सोमवारी यायचा हिर्श-लाइब, शाळामास्तर,
कोटाच्या कोपरांना ठिगळं.
त्याचं पत्रक म्हणायचं: तिथे.
दोन हजार वर्षं आपण एक वाक्य पुटपुटत आलो,
आता त्या वाक्याला तारीख लावा.
प्रार्थनेचा ठराव झाला, ठरावाची वर्गणी,
वर्गणीची पावती, पावतीवर शिक्का.
झेलिक म्हणाला, देवाला आता कारकून लागणार.
पण पावत्या त्यानेच छापल्या, उधारीवर.

बुधवारी, अंधार पडल्यावर, द्वोशे यायची
तंबाखूच्या कारखान्यातून, बोटं पिवळी.
तिचं पत्रक: इथेच.
जिथे आपल्या आज्या पुरल्यात,
जिथे आपण सोळा तास राबतो, त्याच गावात,
आपल्याच भाषेत, मान वर करून.
आम्हीही राष्ट्रच, ती म्हणायची,
फक्त आमच्या सामानात नकाशा नाही.

आणि एकदा रब्बींचा माणूस आला, पाठीत वाकलेला,
दोघांच्या विरुद्ध पत्रक घेऊन:
देवाच्या पुढे धावू नका.
त्याने मात्र रोख पैसे दिले.

देश या शब्दात लामेद.
लोक या शब्दात लामेद.
जग, त्यातही.
मी सोमवारचा देश मोडायची
तेव्हा बुधवारचं जग उभं राहायचं.
तेच शिसं, तेच अक्षर, बोटांना तोच काळा.
कोणाचा लामेद कोणाकडे गेला
याचा हिशोब फक्त माझ्याकडे होता
आणि मला कोणी विचारला नाही.

पुढे दगड आले, काचा गेल्या.
ते तुला पुस्तकात सापडेल.

हिर्श-लाइब याफाला पोचला. पत्र आलं:
संत्री कागदात गुंडाळायला शिकलो.
शिकवणारा जिर्जिस, बाग त्याच्या बापाची.
आज त्याने विचारलं, तुम्ही अजून कितीजण येणार?
मी म्हणालो, थोडे.
तो काही बोलला नाही, पेट्या मोजत राहिला.

झेलिकने ते पत्र दोनदा वाचलं.
म्हणाला, हा प्रश्न कोणीच छापायला आणला नाही.

द्वोशे गेली नाही. खिळली तिथेच.
बेचाळीसनंतर ग्रोदनोहून
कोणाचंच पत्र आलं नाही.
मग कितीतरी रात्री मला वाटायचं, सोमवार बरोबर होता.
अजूनही वाटतं, कूस बदलताना.
आणि अठ्ठेचाळीसनंतर हिर्श-लाइबने एकच ओळ लिहिली,
बाग सरकारजमा झाली, जिर्जिस कुठे आहे माहीत नाही.
खाली सही. सहीच्या शेपटीत
हात थोडा थांबल्यासारखा.

मी? मी बोटीने इकडे आले,
कारण इकडे मावशीकडे एक खाट रिकामी होती.
माझ्या पक्षाचं नाव खाट.

मुलगा म्हणाला, पण आजी, हे पाच मिनिटांत कसं सांगू?
खिळा त्याने मुठीत घट्ट दाबला होता.
मूठ उघडली तेव्हा तळव्यावर
अक्षर सुलट उमटलेलं.
तो ते चाटायला निघाला, लहानच आहे.

मी म्हटलं, आधी हात धू.
शिसं आहे ते.