कीलु

सदलग्याच्या गुरांच्या दवाखान्यात, कपाटावर,
एका रेडकाची कवटी आहे.
कुणी पुसत नाही; मीच अधूनमधून फुंकर घालतो.
कपाळावरून गेलेली नागमोडी शिवण,
हाडात हाडाचे दात रुतलेले,
घाईत गोधडीला घातलेल्या टाक्यांसारखे.
हलत नाही.
तरी पुस्तक तिला सांधाच म्हणतं.
पहिल्या वर्षी मला हे पटलं नव्हतं.

मंगळवारी तवनाप्पा मगदूम खिलारी बैल घेऊन आला.
‘मागचा पाय उचलंना झालाय, डॉक्टर.
काठीवानी ताठतोय, मग झटका देतोय, मग चालतोय.
कारखाना सुरू झालाय. गाडी जुपायची कशी?’
आणि मांडीवर थाप मारून, स्वतःशी:
‘कीलु सिक्कोंडैती.’
अडकलाय सांधा.
माझ्याशी मराठी, बैलाशी कन्नड,
बस्तीत जिनापुढं प्राकृत.
तवनाप्पाची जीभ कुठंच अडकत नाही.

पोरगा सोबत होता, आदगोंडा, नववीतला.
पुढच्या पायाकडे बोट करून म्हणाला, ‘गुडघा ह्योच की?’
नाही रे. ते मनगट.
बैल जन्मभर मनगटं टेकून उठतो, बसतो.
खरा गुडघा मागं, पोटाच्या घडीजवळ.
तिथली वाटी तीन दोऱ्यांनी बांधलेली,
आणि आतली दोरी मांडीच्या हाडाला अडकलेली,
खुंटीत दावं गुंतावं तशी.

‘आणि ह्ये?’
त्यानं खांद्यावर हात ठेवला, जुवाच्या घट्ट्यामागं.

तिथं हाडाला हाड लागतच नाही.
खुब्यात उखळ असते, कोपरात बिजागरी,
मानेत एक खुंटी, जिच्यावर डोकं नाही म्हणतं.
इथं काहीच नाही.
पुढचे दोन्ही पाय मांसाच्या झोळीनं
धडाला बांधलेत, बस्स.

आदगोंडानं माझ्याकडं पाहिलं,
बाजारात वजनकाट्याकडं बघतात तसं.
‘दोन टन ऊस ह्येच्यावर?’
त्याच्यावरच.

मीही असाच बघत होतो, बिदरला, फॉर्मलिननं डोळे चुरचुरत असताना.
काशप्पा अटेंडरनं बगलेत सुरी घातली,
गोल फिरवली, बिडी न विझवता,
आणि करवत न लावता
अख्खा पाय माझ्या हातात दिला.
केवढा जड.
आणि तुटल्याचा आवाज नाही.

‘चार पावलं मागं सारा,’ मी म्हटलं.
तवनाप्पा थांबला. कामाच्या बैलाला मागं?
मग वेसण धरून हळूच:
‘हिंदक सरि. सरि, तम्मा.’
पाय लटपटला, टक्क झालं,
वाटी खुंटीवरून सुटली.
पण पुढं गेला की पुन्हा अडकणार.
म्हणून सुई टोचली, कातडी बधिर केली,
बोटानं ती दोरी चाचपली.
आत दिसत नसतं काही,
बोटाला दिसतं तेवढंच खरं.
पात्याखाली ओल्या सुंभासारखी ती करकरली
आणि सैल पडली.
बैलानं शेण टाकलं.
तवनाप्पा म्हणाला, ‘एवढंच?’

एवढंच. पंधरा दिवस जुपू नका.
‘आठ?’
पंधरा.

रजिस्टर कन्नडमध्ये भरायचं असतं.
वाटीला मी चिप्पु लिहिलं, पायाला कालु.
दोरीपाशी पेन थांबलं.
तिचा शब्द मला दोन्हीकडचा आठवेना.
‘कापली’ एवढं लिहिलं, मराठीत,
साहेब बघतील तेव्हा बघतील.

वर बघितलं तर आदगोंडा कवटी खाली काढून
शिवणीत नखं घालून ओढत होता.
निघत नाही रे, म्हटलं. जुळल्यावर निघत नाही.
‘मग सांधा कशाला म्हनायचा?’
उत्तर मला येत होतं.
दिलं नाही.

दूधगंगेकडच्या रस्त्यानं ते गेले.
बाप पुढं, कासरा हातात.
पोरगं बैलाच्या अंगाला लागून,
तळहात खांद्यावर सपाट ठेवून,
चामड्याखाली फरा वर सरकतोय, खाली सरकतोय,
कशालाच न टेकता,
ते बघत नव्हतं,
मोजत होतं.